पुराचे पाणी आणि आपली माती



नदीचे मूळ आणि ऋषीचे कूळ शोधू नये, असे आपल्याकडे म्हणतात. ऋषीच्या कुळाचे असो. पण नदीच्या मुळाचा, आणि त्याहूनही तिच्या वाटेचा शोध घेण्याची वेळ आता आपणा सर्वांवर आली आहे. नदी ज्या वाटेने येते, त्या वाटेवरचे सारे काही ती पुराच्या दिवसांत उचलून आणते आणि आपल्या शेतात, परसात, शाळेच्या पटांगणात टाकून जाते. ते काय असते, मातीत गेल्यावर त्याचे काय होते, आणि पूर ओसरल्यावर आपण काय करायचे, एवढ्या तीनच गोष्टी आज आपल्याला सांगायच्या आहेत.

पूर म्हणजे निव्वळ संकट, असे आपले वाडवडील मानीत नसत. नदीकाठची मळईची जमीन गावात सर्वांत मोलाची. का? तर दर चार-दोन वर्षांनी नदी तिच्यावर ताजा गाळ पसरून जाते. उन्हाळ्यात पाणी मागे सरकले की उघड्या पडलेल्या गाळात लोक पेरा करीत आणि त्या गाळपेऱ्याला वरखताची फारशी गरज पडत नसे. आजही ही समजूत खोटी ठरलेली नाही. राज्य सरकारने २०१७ साली ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ ही योजना सुरू केली, तिच्यामागे हाच विचार आहे. धरणातला गाळ म्हणजे डोंगरउतारावरून वाहून आलेली आपलीच सुपीक माती. ती परत शेतात नेऊन टाकायची.

मात्र या शहाणपणात एक गोष्ट गृहीत धरलेली होती. ती अशी की, नदीच्या वरच्या अंगाला रान आहे, कुरणे आहेत, शेते आहेत. जिथे वरच्या अंगाला कारखाने, गॅरेजी, भंगाराची गोदामे आणि उघडी गटारे आहेत, तिथे गाळ दिसायला तसाच काळा आणि मऊ दिसतो, पण तो तोच गाळ नसतो.

उदाहरणासाठी दूर जायला नको. मुंबईच्या उपनगरांतली मिठी नदी घ्या. विहार आणि पवई या तलावांच्या सांडव्याचे पाणी मिळून ही नदी होते. विहार तलाव १८६० साली पुरा झाला. मुंबईला नळाचे पाणी पहिल्यांदा त्यानेच पाजले. म्हणजे उगमाशी पाणी पिण्याजोगे. तिथून ती साकीनाका, मरोळ, विमानतळाचा परिसर, कुर्ला, कालिना, वांद्रे-कुर्ला संकुल, धारावी असे करीत माहीमच्या खाडीला मिळते. अंतर सारे मिळून १८ किलोमीटरांच्या आतले. सकाळी निघालेला माणूस दुपारपर्यंत चालून जाईल एवढेच! पण एवढ्याशा वाटेत तिला काय काय भेटते पहा. तेलाचे रिकामे पिंप धुणारे, भंगार वितळविणारे, गाड्या दुरुस्त करणारे, धातूला मुलामा देणारे, तबेले, आणि लाखो माणसांच्या वस्तीचे सांडपाणी. एके काळी या वाटेवर साष्टीतली भातशेतीची गावे होती. नदी तीच आहे, वाट बदलली आहे.

उपनगरांतल्या दुसऱ्या नद्यांची कथा याहून फार वेगळी नाही. तुळशी तलावाकडून येणारी दहिसर नदी बोरिवली-दहिसरमधून जाते. पोयसर नदी राष्ट्रीय उद्यानाच्या डोंगरातून कांदिवली-मालाडच्या बाजूने खाडीला जाते. ओशिवरा आरे वसाहतीत उगम पावून गोरेगावकडून मालाडच्या खाडीत उतरते. पूर्वेला मुलुंड, भांडुप, घाटकोपरचे ओढे ठाण्याच्या खाडीकडे धावतात. यांतील बहुतेकींना आता लोक नाला म्हणतात. नदीचे नाव जाऊन नाला हे नाव आले की समजावे, तिच्या पाण्याबरोबर तिच्या गाळाचाही स्वभाव पालटला.

आता २६ जुलै २००५ चा मंगळवार आठवा. सांताक्रूझच्या वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. आकडा नुसता ऐकून त्याचा अर्थ ध्यानात येत नाही, म्हणून हिशेब करू. एक गुंठा जागेवर ९४४ मिलिमीटर पाऊस म्हणजे सुमारे ९५ हजार लिटर पाणी. त्यातच दुपारी समुद्राला मोठी भरती. खाडीचे तोंड बंद, वरून लोंढा. मिठीने काठ सोडला आणि कुर्ला, कालिना, साकीनाक्याच्या वस्त्यांत माणूस बुडेल एवढे पाणी चढले. त्या पावसाने राज्यात हजाराहून अधिक माणसे गेली. तबेल्यांतली गुरे दावणीलाच बुडाली. पुढच्या आठवड्यांत लेप्टोस्पायरोसिसची साथ आली. या पुराची चौकशी करण्यासाठी जलतज्ज्ञ माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. पाणी कुठे अडले, पात्र कुठे अरुंद झाले, याची चर्चा पुष्कळ झाली, आणि ती व्हायलाच हवी होती. परंतु पाणी उतरल्यावर जो चिखल मागे राहिला, त्याच्याकडे आपण केवळ घाण म्हणून पाहिले. फावड्याने ओढला, वाळू दिला, आणि विसरलो. माती मात्र विसरत नाही.

पूर आला म्हणजे पाणी वाढले आणि घाण पातळ होऊन समुद्रात गेली, असे पुष्कळांना वाटते. ते अर्धे खरे आहे. पाण्यात विरघळलेली घाण पातळ होते, हे खरे. पण नदीतले विष बहुतांशी पाण्यात नसते, ते तळच्या गाळात असते. शिसे, कॅडमियम, क्रोमियम, जस्त यांसारख्या जड धातूंना चिकणमातीचे बारीक कण आणि कुजलेला काडीकचरा धरून ठेवतात. आठ महिने नदी संथ असते, तेव्हा हे कण थरावर थर देऊन तळाशी बसतात. वर्षानुवर्षांची ही पुंजी असते म्हणा ना. मोठा पूर तळ खरवडतो आणि ही पुंजी एका दिवसात वर काढतो. म्हणून पुराचे पाणी पातळ असले, तरी त्यातला गढूळपणा भारी असतो.

हा गढूळपणा बसतो कुठे, हे शिक्षकांनी मुलांना एका बाटलीत दाखवावे. काचेची बाटली घ्या, तिसरा हिस्सा माती घाला, बाकी पाणी भरा, खूप हलवा आणि ठेवून द्या. मिनिटभरात वाळू तळाशी बसेल. तासाभराने तिच्यावर पोयट्याचा थर दिसेल. चिकणमाती मात्र दुसऱ्या दिवसापर्यंत पाण्यात तरंगत राहील. नदीचेही असेच आहे. जिथे लोंढ्याला वेग आहे तिथे ती वाळू-गोटे टाकते. जिथे पाणी थबकते, तिथे सर्वांत बारीक कण बसतात, आणि धातू तर त्या बारीक कणांनाच चिकटलेले! तेव्हा खोलगट खाचर, बांधाच्या आतली बाजू, वळणाच्या आतला काठ, भिंतीने अडलेले पटांगण, अशा जागी पूर ओसरल्यावर आधी पाहावे. सगळे शेत सारखे बिघडत नाही. बिघडतो तो एखादा कोपरा.

मातीत शिरलेल्या या पाहुण्यांच्या तीन जाती आहेत. पहिली जात जिवंत, म्हणजे रोगजंतू. मैल्यातले जंतू उन्हाने आणि मातीतल्या इतर जीवांशी झुंजून हळूहळू मरतात. उंदरांच्या व गुरांच्या मुतातून येणारे लेप्टोस्पायरोसिसचे जंतू ओल्या मातीत कित्येक आठवडे टिकतात आणि पायाच्या भेगेतून, जखमेतून शरीरात शिरतात. पण माती वाळली की त्यांचा अंमल संपतो. दुसरी जात तेला-वंगणाची. मातीतले काही जंतू तेल खातात, पण त्यांना हवा लागते. चिखल घट्ट बसून राहिला तर तेल वर्षानुवर्षे तसेच राहते. जमीन मोकळी केली, शेणखत दिले, तर ते काही हंगामांत कमी होते. तिसरी जात धातूंची. शिसे कुजत नाही, जळत नाही, उन्हाने मरत नाही. आपल्या देशात शिसेयुक्त पेट्रोल २००० साली बंद झाले. पण त्याआधी गाड्यांच्या धुरातून रस्त्याकडेच्या मातीत जे शिसे पडले, ते मूळपदार्थ म्हणून नाहीसे झालेले नाही. पाऊस ते नाल्यात ढकलतो आणि पूर ते पुन्हा बाहेर काढतो, एवढेच.

आता थोडे मातीच्या पोटात शिरू. भाताचे खाचर तुंबले की दोन-चार दिवसांत मातीतला प्राणवायू संपतो. तांबडी माती करडी-निळसर होते, कुजलेल्या अंड्यासारखा वास येतो. या वासाच्या मागे गंधकाची करामत असते. गंधक या स्थितीत कॅडमियम, शिसे, जस्त यांना पकडून ठेवते, म्हणून पाण्याखाली हे धातू बरेचसे निजलेले असतात. पाणी काढले, हवा आत शिरली, की ती पकड सुटते आणि कॅडमियम मुळांना मिळू लागते. म्हणजे ज्या वेळी आपल्याला वाटते की पूर गेला, जमीन वाफशावर आली, आता धोका टळला, नेमक्या त्याच वेळी काही विषे जागी होतात. सोमल मात्र उलट्या रीतीने वागतो. तो पाणी तुंबले असताना सुटतो. आणि आपल्या कोकणातली तांबडी जमीन मुळातच आंबट. आंबट जमिनीत धातू अधिक सैल असतात, हे लक्षात ठेवा. पुढे उपायात त्याचा उपयोग आहे.

हे सारे पुस्तकी आहे, असे कोणी म्हणेल. तर जपानची गोष्ट ऐका. तिथे तोयामा नावाच्या प्रांतात जिंझू नदीच्या पाण्यावर भात पिकत असे. वरच्या अंगाला कामिओकाची खाण. खाणीतले कॅडमियम नदीत, नदीतून पाटात, पाटातून खाचरात आणि खाचरातून भातात गेले. लोकांची, विशेषतः बायाबापड्यांची हाडे इतकी ठिसूळ झाली की खोकल्यानेही मोडत. त्या वेदनेवरून रोगाचे नाव पडले ‘इताई-इताई’, म्हणजे ‘दुखतंय, दुखतंय’. हा रोग खाणीच्या कॅडमियममुळे होतो, हे सरकारने १९६८ साली मान्य केले. पुढे दूषित माती खाली गाडून तिच्यावर स्वच्छ माती घालण्याचे काम हाती घेतले. ते पुरे व्हायला २०१२ साल उजाडले. नदीला विष न्यायला फार काळ लागत नाही. माती धुवायला दोन पिढ्या जातात. ध्यानात ठेवायची ती ही गोष्ट.

मुंबईच्या उपनगरांत आता शेती कितीशी उरली आहे, असे तुम्ही विचाराल. आरेतल्या पाड्यांवर, गोराई-मनोरीच्या बाजूला ती आहे. रेल्वेरुळांच्या कडेला कित्येक वर्षे पालक, माठ, भेंडी पिकत आली आणि तिला पुष्कळदा नाल्याचे पाणी मिळत आले. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे, दरवर्षी पावसाळ्याआधी मिठीचा आणि नाल्यांचा गाळ उपसला जातो आणि शहराबाहेर नेऊन टाकला जातो. तेव्हा ठाणे, पालघर, रायगडकडच्या श्रोत्यांनो, कोणी ट्रक घेऊन आला आणि म्हणाला, ‘काळा कसदार गाळ आहे, फुकट टाकून देतो,’ तर दोन प्रश्न विचारल्यावाचून फाटक उघडू नका. गाळ धरणाचा की नाल्याचा? आणि तपासला कोणी? धरणाचा गाळ आणि शहरी नाल्याचा गाळ हे रंगाने भाऊ-भाऊ दिसतील. गुणाने ते कोणी कोणाचे लागत नाहीत.

आणि हा प्रश्न मुंबईपुरता नाही. जुलै २०२१ मध्ये चिपळूण आणि महाड पुराखाली गेले, ऑगस्ट २०१९ मध्ये कोल्हापूर-सांगली गेली. नदीकाठी शहर किंवा औद्योगिक वसाहत आहे आणि खाली शेत आहे, अशी गावे महाराष्ट्रात थोडी नाहीत.

आता उपाय. पूर ओसरला की शेतकऱ्याचा पहिला विचार असतो नांगर घालण्याचा. वरच्या अंगाला रान असेल तर खुशाल घाला. पण वर कारखाने, गॅरेजी, गटारे असतील, गाळाला तेलाचा वास येत असेल, त्यावर इंद्रधनुष्यासारखा तवंग दिसत असेल, तर नांगर थांबवा. गाळ वर आहे तोवर तो खरवडून काढता येतो. एकदा मातीत मिसळला की कायमचा झाला. एक गुंठ्यावर एक सेंटिमीटर गाळ म्हणजे एक घनमीटर, वजनाला टनाहून जास्त. मेहनत आहेच, एकराला याची चाळीसपट. म्हणून सगळे शेत नव्हे, तर जिथे पाणी थबकले होते तो कोपराच आधी खरवडा. खरवडलेला गाळ बांधावर किंवा ओढ्याच्या काठी टाकू नका, पुढचा पाऊस तो परत आणील. तो कोठे न्यायचा, हे ग्रामपंचायतीला किंवा पालिकेला विचारूनच ठरवावे. हे काम करताना पायांत गमबूट, हातांत मोजे असू द्या. जखम असेल तर चिखलात उतरू नका. पुरानंतर ताप, अंगदुखी, डोळे लाल अशी लक्षणे दिसली तर घरगुती काढ्यावर दिवस न काढता दवाखाना गाठा आणि ‘चिखलात काम केले होते’ हे डॉक्टरांना आवर्जून सांगा.

दुसरे, मातीची परीक्षा करून घ्या. इथे एक गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. २०१५ पासून मिळणाऱ्या मृदा आरोग्य पत्रिकेत १२ गोष्टी तपासलेल्या असतात: नत्र, स्फुरद, पालाश, सेंद्रिय कर्ब, आम्लता, क्षारता, आणि गंधक, जस्त, लोह यांसारखी द्रव्ये. त्यांत शिसे आणि कॅडमियम नाहीत. पत्रिका उत्तम आली म्हणजे माती निर्विष आहे, असा अर्थ काढू नये. या धातूंची तपासणी वेगळी मागावी लागते. ती कोठे होईल हे कृषी सहायकाला किंवा कृषी विद्यापीठाला विचारावे. नमुना घेताना वरचा गाळ एका पिशवीत आणि त्याच्या खालची मूळ माती दुसऱ्या पिशवीत, असे दोन वेगळे नमुने घ्या. दोन्ही एकत्र केलेत तर नदीने काय आणले हे कधीच कळणार नाही. खुरपे गंजलेले नको, पिशवी खताची नको.

तिसरे, पिकाची निवड. संशय असलेल्या जमिनीत पालेभाजी आणि कंद लावू नका. पालक, माठ, अळू, मुळा ही धातू ओढून घेण्यात पुढे. भेंडी, दुधी, पडवळ, शिराळी यांच्या फळांत ते मानाने कमी उतरतात. फुलझाडे, वैरणीखेरीजची इतर अखाद्य पिके अधिक निर्धास्त. पुरात बुडालेली पालेभाजी खाऊ-विकू नये. कच्ची खायची भाजी तिथे तीन-चार महिने घेऊच नये. आंबट जमिनीला परीक्षेप्रमाणे चुना द्यावा आणि चांगले कुजलेले शेणखत भरपूर घालावे. चुना धातूंना जखडतो, शेणखत त्यांना धरून ठेवते. ते नाहीसे होत नाहीत, पण पिकाच्या हाती लागत नाहीत.

आणि विहीर. पुराचे पाणी शिरलेली विहीर उपसून, आरोग्य सेवकाच्या सल्ल्याने टीसीएल टाकावी. मात्र टीसीएलने जंतू मरतात. तेल आणि शिसे जात नाही. पाण्याला वंगणाचा वास असेल तर परीक्षा होईपर्यंत ते पिऊ नये.

शिक्षकबंधूंनो आणि भगिनींनो, तुमच्याकडे एक खास मागणे आहे. लहान मुले मातीत खेळतात, तीच बोटे तोंडात घालतात. आणि शिसे मोठ्यांपेक्षा मुलांच्या मेंदूला अधिक बाधते. शाळेचे पटांगण पुरात गेले असेल तर कवायत सुरू करण्याआधी वरचा गाळ काढून घ्या, स्वच्छ मुरूम टाकून घ्या, डबा खाण्याआधी हात धुण्याचा नेम करा. आणि वर्गाला एक नकाशा काढायला सांगा. आपल्या गावाच्या वरच्या अंगाला नदीच्या दोन्ही काठांवर काय काय आहे, हे मुलांनी वडीलधाऱ्यांबरोबर जाऊन पाहावे आणि मांडावे: कुठे रान, कुठे गोठा, कुठे कारखाना, कुठे गटाराचे तोंड. दुसऱ्या रंगाने पुराची रेषा काढावी. ती गावातल्या म्हाताऱ्यांना विचारली की बिनचूक कळते. असा नकाशा शाळेच्या भिंतीवर असेल, तर पूर आल्यावर कुठला गाळ सोन्यासारखा आणि कुठला घातक, हे गावाला कोणाला विचारावे लागणार नाही. ग्रामसभेतही तो कामाला येईल, कारण विष शेतात आल्यावर काढण्यापेक्षा ते नदीत सोडणाऱ्याला वेळीच अडविणे स्वस्त पडते.

नदीने आपल्याला गाळ दिला, मळई दिली, गावे दिली. तिच्या वरच्या अंगाला आपण जे ठेवू, तेच ती खालच्या अंगाला आपल्याला आणून देईल. तिचा तो धर्मच आहे. पुराच्या दिवशी ती आपले-परके पाहत नाही. तेव्हा यंदा पावसाळ्यापूर्वी एकदा काठाकाठाने वर चालत जा आणि पाहून या.